जो रिसर्च पेपर कधी लिहिलाच गेला नाही, त्याचा संदर्भ जवळपास ४०० पेपरमध्ये कसा आला? समजून घ्या जर्नलच्या फॉरमॅटिंगमागचं गणित

एक रिसर्च पेपर आहे. लेखक व्हॅन डेर गीर, हॅनराड्स आणि लप्टन. पेपरचं नाव 'द आर्ट ऑफ रायटिंग अ सायंटिफिक आर्टिकल', म्हणजे शास्त्रीय लेख लिहिण्याची कला. वर्ष २०००, खंड १६३, पानं ५१ ते ५९. जगभरातल्या जवळपास ४०० पेपरच्या संदर्भसूचीत हा पेपर दिलेला सापडला.

आता यातली गंमत म्हणजे असा पेपर कधी लिहिलाच गेला नव्हता. तो छापणारं जर्नलही अस्तित्वात नव्हतं.

२०१७ मध्ये हे प्रकरण जगासमोर आलं. नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठाचे प्राध्यापक पीटर क्रोनेनबर्ग यांना हा संदर्भ खटकला आणि ॲन-विल हार्झिंग या संशोधिकेने त्याचा माग काढला. मग कळलं की एल्सेव्हियर या मोठ्या प्रकाशन कंपनीने लेखकांसाठी जो नमुना तयार केला होता, त्यात 'संदर्भ असा लिहा' हे दाखवायला हा काल्पनिक पेपर उदाहरण म्हणून टाकला होता. लोकांनी तो नमुना डाउनलोड केला, त्यात आपला मजकूर भरला आणि शेवटचं उदाहरण पुसायचं राहून गेलं. लेखकांच्या नजरेतून सुटलं, तपासणाऱ्यांच्या नजरेतूनही सुटलं आणि पेपर छापून आले.

किस्सा हसण्यासारखा आहे, पण त्यातून एक गंभीर प्रश्न उभा राहतो. जर्नलला पेपर पाठवताना फॉन्ट कुठला, समास किती, संदर्भात स्वल्पविराम कुठे, यावरून लेखकांचा जीव काढला जातो. एवढं करूनही असला संदर्भ सुटत असेल, तर मग या नियमांचा उपयोग तरी काय?

तुम्ही एमए, एमएस्सी किंवा पीएचडी करत असाल तर हा विषय तुमच्या रोजच्या कामाचा आहे. आणि करत नसाल तरी 'संशोधनात सिद्ध झालंय' असं सांगणारे फॉरवर्ड तुमच्या व्हॉट्सॲपवर येतातच की. त्यामुळे विषय सगळ्यांचाच आहे. नीट समजून घेऊ.

हे नियम आले कुठून?

जर्नल हा प्रकार सुरू झाला १६६५ मध्ये. त्या वर्षी जानेवारीत फ्रान्समध्ये 'जुर्नाल दे सावां' निघालं आणि मार्चमध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे सचिव हेन्री ओल्डनबर्ग यांनी 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स' काढलं. तोवर संशोधक एकमेकांना पत्रं लिहून आपले शोध कळवत असत. सुरुवातीचे लेखही तसेच पत्रासारखे असायचे. ज्याला जसं सुचेल तसं त्याने लिहायचं.

पुढे जर्नलं वाढली, लेख वाढले आणि गोंधळही वाढला. कुणी संदर्भ तळटीपेत द्यायचं, कुणी मजकुरातच, कुणी नुसतं 'अमुक विद्वान म्हणतात' एवढ्यावर भागवायचं. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्यांची तर पार दमछाक. त्यातून शैलीपुस्तिका आल्या.

शिकागो विद्यापीठाच्या छापखान्याने १९०६ मध्ये आपली नियमावली पुस्तकरूपाने काढली. तीच आजची 'शिकागो शैली'. २०२४ मध्ये तिची १८ वी आवृत्ती आली आणि ती १,१०० पानांच्या वर आहे.

मानसशास्त्राच्या मंडळींनी १९२९ मध्ये 'सायकॉलॉजिकल बुलेटिन'मध्ये नियमांचा एक लेख छापला. तो होता अवघा सात पानांचा. त्याचीच पुढे 'एपीए शैली' झाली. २०१९ मध्ये आलेली तिची सातवी आवृत्ती चारशेच्या वर पानांची आहे. सात पानांची चारशे पानं झाली, यावरूनच प्रकरण किती वाढलंय याचा अंदाज येईल.

भाषा-साहित्यवाल्यांची 'एमएलए शैली' १९५१ पासूनची. आणि १९७८ मध्ये वैद्यकीय जर्नलांचे काही संपादक कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरात जमले आणि त्यांनी आपल्या जर्नलांसाठी समान नियम ठरवले. म्हणून त्या शैलीचं नाव पडलं 'व्हँकुव्हर'. आज डॉक्टरांचे बहुतेक पेपर याच पद्धतीने लिहिले जातात. इंजिनिअरिंगवाल्यांची 'आयईईई शैली' वेगळी.

एकच पेपर, तीन पद्धती

उदाहरण घेऊ. वॉटसन आणि क्रिक यांनी डीएनएची रचना सांगणारा पेपर १९५३ मध्ये 'नेचर'मध्ये छापला. खंड १७१, पानं ७३७ आणि ७३८. याचा संदर्भ मराठी अक्षरांत लिहायचा झाला तर तो असा दिसेल.

एपीए: वॉटसन, जे. डी., आणि क्रिक, एफ. एच. सी. (१९५३). पेपरचं नाव. नेचर, १७१, ७३७–७३८.

एमएलए: वॉटसन, जे. डी., आणि एफ. एच. सी. क्रिक. "पेपरचं नाव." नेचर, खंड १७१, १९५३, पृ. ७३७–३८.

व्हँकुव्हर: वॉटसन जेडी, क्रिक एफएचसी. पेपरचं नाव. नेचर. १९५३;१७१:७३७-८.

माहिती तीच, मांडणी वेगळी. पण ही मांडणी उगाच वेगळी नाही. एपीएमध्ये वर्ष लेखकाच्या नावाला चिकटून येतं, कारण मानसशास्त्रात किंवा समाजशास्त्रात संशोधन किती जुनं आहे हे वाचणाऱ्याला पटकन कळायला हवं. एमएलएमध्ये वर्ष मागे जातं आणि मजकुरात लेखकाचं नाव व पान क्रमांक येतो, कारण साहित्याच्या अभ्यासात नेमकी ओळ कुठल्या पानावर आहे ते महत्त्वाचं. व्हँकुव्हरमध्ये मजकुरात फक्त आकडा येतो. एकेका वाक्याला पाच-सहा संदर्भ असतील तर नावं लिहीत बसल्यावर वाक्यच हरवेल, म्हणून आकडे.

इतिहासाचे अभ्यासक शिकागोची तळटीप पद्धत का धरून बसतात, हेही आपल्याकडच्या उदाहरणावरून समजेल. पेशवे दफ्तरातल्या मोडी कागदाचा दाखला द्यायचा असेल तर नुसतं नाव आणि वर्ष देऊन भागत नाही. कुठलं दफ्तर, कितवा रुमाल, कुठल्या तारखेचं पत्र, एवढं सांगितलं तरच दुसऱ्या अभ्यासकाला तो कागद हाती लागेल. हे सगळं कंसात मावत नाही, तळटीपेत मावतं.

म्हणजे सगळ्या शैलींचा मुद्दा एकच. तुम्ही जे म्हणताय ते तपासायला दुसरा माणूस निघाला, तर त्याला वाटेत अडायला नको.

जर्नलला पेपर पाठवताना नेमकं काय लागतं?

प्रत्येक जर्नलच्या साइटवर 'लेखकांसाठी सूचना' असं पान असतं. पहिला नियम हाच की पेपर लिहायला घेण्याआधी ते पान वाचायचं. लिहून झाल्यावर वाचलं की काम दुप्पट होतं. साधारणपणे पुढच्या गोष्टी मागितल्या जातात.

१. शीर्षकाचं पान: पेपरचं नाव, लेखकांची नावं, संस्था आणि पत्रव्यवहार कुणाशी करायचा त्याचा ईमेल. हे पान बऱ्याचदा वेगळ्या फाइलमध्ये मागतात. का? तर पेपर तपासणाऱ्या तज्ज्ञाला लेखक कोण हे कळू नये म्हणून. याला दुहेरी निनावी परीक्षण म्हणतात. लेखकाला परीक्षक माहीत नसतो आणि परीक्षकाला लेखक. इथे बरेच जण फसतात. पहिल्या पानावरचं नाव काढतात, पण वर्ड फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये नाव तसंच राहतं. किंवा मजकुरात 'आमच्या २०२१ च्या अभ्यासात आम्ही दाखवल्याप्रमाणे' असं लिहून मोकळे होतात. मग निनावी राहिलंच काय?

२. सारांश: बहुतेक ठिकाणी १५० ते २५० शब्द. पेपर पैसे देऊन वाचायचा असला तरी सारांश सगळ्यांना मोफत दिसतो. कित्येक लोक तेवढंच वाचतात. म्हणून त्यात प्रश्न काय होता, काय केलं आणि काय सापडलं हे यायलाच हवं.

३. कीवर्ड: चार-सहा शब्द, ज्यावरून पेपर सर्चमध्ये सापडेल.

४. मुख्य मजकूर: विज्ञानात याचा साचा ठरलेला असतो. प्रस्तावना, पद्धत, निष्कर्ष आणि चर्चा. परीक्षकाला पद्धत बघायची असेल तर तो थेट तिथे जातो, पेपरभर शोधत बसत नाही.

५. ओळींमध्ये दुप्पट अंतर आणि ओळींना क्रमांक: दुप्पट अंतराची सवय टाइपरायटरच्या काळातली आहे. संपादक कागदावर पेनाने दुरुस्त्या करायचे, त्यासाठी जागा लागायची. ओळ क्रमांक मात्र आजही उपयोगी आहेत. परीक्षक 'ओळ २१४ मधला दावा कशावरून?' असं विचारतो आणि दोघांनाही कळतं की बोलणं कशाबद्दल चाललंय.

६. आकृत्या आणि तक्ते: फोटो साधारण ३०० डीपीआयचे मागतात, नाहीतर छपाईत ते फुटतात. तक्ता वर्डमध्येच बनवायचा, त्याचा स्क्रीनशॉट चिकटवायचा नाही. स्क्रीनशॉटमधला आकडा संपादकाला दुरुस्त करता येत नाही.

७. जाहीर निवेदनं: संशोधनाला पैसा कुणी दिला, लेखकाचे कुठे हितसंबंध आहेत का, माणसांवर प्रयोग असेल तर नैतिकता समितीची परवानगी आहे का, डेटा कुठे मिळेल. हा भाग कंटाळवाणा वाटतो, पण एखाद्या औषधाचा अभ्यास त्याच औषध कंपनीच्या पैशातून झाला असेल तर ते वाचकाला कळायला नको का?

८. कव्हर लेटर: संपादकाला छोटं पत्र. पेपर त्याच जर्नलसाठी का योग्य आहे आणि तो दुसरीकडे पाठवलेला नाही, एवढं सांगायचं. एकच पेपर एकाच वेळी दोन जर्नलांना पाठवणं नियमात बसत नाही. नोकरीचे अर्ज दहा ठिकाणी टाकतो तसं इथे चालत नाही.

यातलं काही चुकलं तर पेपर परीक्षकांपर्यंत जातच नाही. संपादकाच्या टेबलावरूनच परत येतो. संशोधन चांगलं असूनही शब्दमर्यादा ओलांडली किंवा जर्नलचा विषयच वेगळा निघाला, की महिना-दोन महिने वाया.

मराठी नावं आणि मराठी पुस्तकांचा घोळ

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. 'एस. पाटील' या नावाने शोधलं तर किती संशोधक सापडतील विचार करा. त्यात कुणी वडिलांचं नाव मध्ये लावतं, कुणी लावत नाही, काही जणींचं लग्नानंतर आडनाव बदलतं. मग आधीचे पेपर एका नावावर आणि नंतरचे दुसऱ्या नावावर. यावर तोडगा म्हणून २०१२ पासून 'ऑर्किड' नावाचा १६ अंकी क्रमांक मिळतो. तो मोफत आहे आणि नाव बदललं तरी बदलत नाही. संशोधन करायचं असेल तर पहिल्याच वर्षी काढून टाका.

माणसाला जसा ऑर्किड, तसा पेपरला 'डीओआय'. हा क्रमांक '१०' या आकड्याने सुरू होतो. वेबसाइटचा पत्ता बदलला तरी डीओआयची नोंद नव्या पत्त्याकडे वळवता येते. म्हणून संदर्भात साधी लिंक देण्यापेक्षा डीओआय द्या असं जर्नल सांगतात.

मराठी पुस्तकाचा संदर्भ इंग्रजी पेपरमध्ये द्यायचा असेल तर एपीएचा नियम सोपा आहे. पुस्तकाचं मराठी नाव रोमन लिपीत लिहायचं आणि पुढे चौकटी कंसात त्याचा इंग्रजी अर्थ द्यायचा. थेट अर्थच लिहिला तर ग्रंथालयात ते पुस्तक शोधणाऱ्याला सापडणार नाही.

आणि मराठीतच पेपर लिहीत असाल तर युनिकोडमध्ये लिहा. श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर उघडली आणि तिथे तो फॉन्ट नसला, तर 'महाराष्ट्र'च्या जागी भलतीच चिन्हं दिसतात.

पाच वाक्यांचं पत्र आणि अमेरिकेतलं व्यसन

आता मुख्य मुद्द्यावर येऊ. संदर्भ चुकला तर बिघडतं काय?

१९८० मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या नामांकित जर्नलमध्ये एक पत्र छापून आलं. पेपर नव्हे, संपादकांना लिहिलेलं पत्र. लांबी अवघी पाच वाक्यं. त्यात म्हटलं होतं की हॉस्पिटलमध्ये दाखल असलेल्या ११,८८२ रुग्णांना अफूवर्गीय वेदनाशामकं दिली गेली आणि त्यातल्या फक्त चौघांना व्यसन लागल्याची नोंद आढळली.

हे रुग्ण हॉस्पिटलमध्ये होते, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. महिनोन्महिने घरी बसून गोळ्या घेणाऱ्यांबद्दल त्या पत्रात काहीच नव्हतं. पण पुढे हे पत्र 'या औषधांचं व्यसन क्वचितच लागतं' याचा पुरावा म्हणून दिलं जाऊ लागलं. एकाने दिलं म्हणून दुसऱ्याने दिलं, दुसऱ्याने दिलं म्हणून तिसऱ्याने.

२०१७ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी हिशोब मांडला. तोवर त्या पत्राचा दाखला ६०८ वेळा दिला गेला होता. त्यातल्या ४३९ ठिकाणी व्यसन दुर्मीळ असल्याचा पुरावा म्हणून. आणि ४९१ ठिकाणी हे रुग्ण हॉस्पिटलमधले होते हेच सांगितलं नव्हतं. दरम्यान अमेरिकेत या गोळ्यांच्या व्यसनाने लाखो लोकांचे जीव गेले होते. त्यामागे औषध कंपन्यांची जाहिरातबाजीपासून अनेक कारणं होती, पण न वाचता दिलेल्या या दाखल्यानेही डॉक्टरांचा विश्वास वाढवायला हातभार लावला, असं या संशोधकांचं म्हणणं होतं. जर्नलने त्या जुन्या पत्रावर आता इशारा देणारी टीप लावली आहे.

या ६०८ संदर्भांतले बहुतेक फॉरमॅटच्या दृष्टीने बिनचूकही असतील. वर्ष बरोबर, खंड बरोबर, पान बरोबर. पण मूळ पत्र उघडून वाचलं असतं तर दोन मिनिटांत कळलं असतं की ते आपल्या दाव्याला पुरत नाही. म्हणून जर्नलांचा आग्रह असतो की तुम्ही स्वतः जे वाचलंय त्याचाच संदर्भ द्या. दुसऱ्याच्या पेपरमधून उचलायचा असेल तर 'अमुकच्या पेपरमध्ये उद्धृत' असं स्पष्ट लिहा.

तसंच संदर्भ देण्याआधी तो पेपर मागे घेतलेला नाही ना, हेही बघा. गोवर-गालगुंड-रुबेलाची लस आणि ऑटिझम यांचा संबंध सुचवणारा अँड्र्यू वेकफिल्ड यांचा १९९८ चा पेपर 'लॅन्सेट'ने २०१० मध्ये मागे घेतला. पण त्याच्या नावाने आजही फॉरवर्ड फिरतात.

भारतातले नियम काय सांगतात?

संदर्भ न देता दुसऱ्याचा मजकूर वापरला तर ते वाङ्मयचौर्य. यूजीसीने २०१८ मध्ये यासाठी नियम केले. प्रबंधात १० टक्क्यांपर्यंत साम्य आढळलं तर शिक्षा नाही. १० ते ४० टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचं. ४० ते ६० टक्के असेल तर एक वर्ष सुधारित प्रबंधही देता येत नाही. आणि ६० टक्क्यांच्या वर गेलं तर थेट नोंदणी रद्द.

या मोजणीतून संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश आणि योग्य संदर्भासह दिलेली अवतरणं वगळली जातात. म्हणजे नीट अवतरणचिन्हं लावून, स्रोत देऊन उतारा घेतला तर तो तुमच्या खात्यावर चोरी म्हणून जमा होत नाही. उलट शब्द इकडचे तिकडे करून संदर्भ गाळला, तर सॉफ्टवेअरला सापडो न सापडो, ती चोरीच. कल्पना दुसऱ्याची असेल तर वाक्य तुमचं असलं तरी नाव द्यावंच लागतं.

दुसरा मुद्दा बोगस जर्नलांचा. 'दोन दिवसांत पेपर पब्लिश, सर्टिफिकेटसह' असे मेसेज तुम्हीही पाहिले असतील. २०१३ मध्ये जॉन बोहॅनन या पत्रकाराने 'सायन्स'साठी एक प्रयोग केला. ढोबळ चुका असलेला खोटा पेपर ३०४ जर्नलांना पाठवला. त्यातल्या १५७ जर्नलांनी तो स्वीकारला.

भारतात तर ही दुकानदारी इतकी वाढली की यूजीसीने मे २०१८ मध्ये आपल्या मान्यताप्राप्त यादीतून ४,३०५ जर्नल काढून टाकली. त्यानंतर 'यूजीसी केअर' ही नवी यादी आली आणि तिच्या कामात पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठाचा मोठा वाटा होता. पण फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने ही यादीही बंद करत असल्याचं जाहीर केलं. आता जर्नल चांगलं की वाईट हे विद्यापीठांनी आणि संशोधकांनी स्वतः ठरवायचं आहे.

मग ओळखायचं कसं? इथे फॉरमॅटिंगचे नियम उलट्या बाजूने कामाला येतात. लेखकांसाठीच्या सूचना नीट लिहिलेल्या आहेत का? परीक्षण कसं होतं ते सांगितलंय का? संपादक मंडळातली माणसं खरी आहेत का आणि आपण तिथे असल्याचं त्यांच्या स्वतःच्या पानावर दिसतं का? आठ अंकी आयएसएसएन क्रमांक अधिकृत पोर्टलवर टाकला तर तेच जर्नल येतं का? नुसता आयएसएसएन असणं म्हणजे दर्जा नव्हे, तो फक्त नोंदणी क्रमांक आहे. आणि जे जर्नल काहीही पाठवा, कुठल्याही शैलीत पाठवा, फक्त फी आधी भरा म्हणतं, तिथून लांब राहिलेलं बरं.

एआयने दिलेले संदर्भ

नव्या काळातला व्हॅन डेर गीर म्हणजे चॅटबॉट. त्याला संदर्भ मागितले की तो फॉरमॅटमध्ये बसणारे, पण अस्तित्वातच नसलेले संदर्भही देऊ शकतो. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका खटल्यात वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेल्या खोट्या निकालांचे दाखले कोर्टात दिले आणि त्यांना ५,००० डॉलरचा दंड झाला. त्याच वर्षी संशोधन प्रकाशनाच्या नैतिकतेवर काम करणाऱ्या 'कोप' या संस्थेने स्पष्ट केलं की एआयला लेखक म्हणून नाव देता येणार नाही, कारण ते मजकुराची जबाबदारी घेऊ शकत नाही. एआय वापरलं असेल तर कुठे आणि कसं, हे बहुतेक मोठी जर्नल आता लिहून मागतात.

पण इतका छळ गरजेचा आहे का?

हा प्रश्न संशोधकांनीही विचारलाय. २०१९ मध्ये 'प्लॉस वन'मध्ये आलेल्या एका सर्वेक्षणात ४१ देशांतल्या ३७२ जणांना विचारलं गेलं. एका पेपरच्या फॉरमॅटिंगला साधारण १४ तास आणि एका माणसाचे वर्षाला ५२ तास जातात, असं त्यातून दिसलं. पेपर नाकारला गेला की पुढच्या जर्नलसाठी पुन्हा सगळं नव्याने. संशोधनाचा वेळ स्वल्पविराम हलवण्यात जातो, ही तक्रार खोटी नाही.

त्यावर उपायही निघतायत. एल्सेव्हियरच्या एका जर्नलने २०११ मध्ये 'युअर पेपर, युअर वे' ही पद्धत सुरू केली. पेपर पहिल्यांदा कुठल्याही नीटनेटक्या स्वरूपात पाठवा, स्वीकारला जायची वेळ आली की मग आमच्या साच्यात बसवा. आता बरीच जर्नल अशी सवलत देतात. फक्त एक गोष्ट ती सोडत नाहीत, ती म्हणजे संदर्भ पूर्ण हवेत. स्वल्पविराम नंतर बसवता येतो, पण हरवलेलं पान क्रमांक नंतर शोधणं अवघड जातं.

संदर्भ हाताने लिहीत बसायचीही गरज नाही. झोटेरो हे मोफत सॉफ्टवेअर आहे. वाचलेला पेपर त्यात साठवायचा आणि एका क्लिकवर एपीएचं व्हँकुव्हर करायचं. मागे घेतलेल्या पेपरवर ते लाल इशाराही दाखवतं. गुगल स्कॉलरवर प्रत्येक पेपरखाली अवतरणचिन्हाचं बटण असतं, तिथेही तयार संदर्भ मिळतो. पण त्यात नावाचं स्पेलिंग किंवा वर्ष चुकलेलं असू शकतं, म्हणून एकदा मूळ पेपरशी ताडून बघाच.

पाठवण्याआधी एवढं तपासा

– मजकुरात आलेला प्रत्येक संदर्भ सूचीत आहे का आणि सूचीतला प्रत्येक मजकुरात आहे का?
– प्रत्येक संदर्भ तुम्ही स्वतः उघडून वाचलाय का? डीओआयवर क्लिक केल्यावर तोच पेपर उघडतो का?
– सगळीकडे एकच शैली आहे का?
– नमुन्यातला उदाहरणाचा मजकूर पुसलाय का?
– निनावी परीक्षण असेल तर नाव मजकुरातून आणि फाइलच्या प्रॉपर्टीजमधूनही काढलंय का?
– शब्दमर्यादा, आकृत्या आणि निवेदनं सूचनेप्रमाणे आहेत का?

यातला दुसरा मुद्दा पाळला असता तर व्हॅन डेर गीर कुठल्याच सूचीत शिरला नसता आणि पाच वाक्यांच्या पत्राला पुराव्याचा दर्जाही मिळाला नसता. स्वल्पविरामाचे नियम शैलीनुसार बदलतात, हा एक नियम मात्र सगळ्या शैलींना लागू आहे.

आणि तुम्ही पेपर लिहिणारे नसाल तरी तो तुम्हालाही लागू आहेच. पुढच्या वेळी 'हार्वर्डच्या संशोधनात सिद्ध झालंय' असा मेसेज आला की पुढे ढकलण्याआधी एवढंच विचारा: कुणाचा पेपर, कुठल्या वर्षीचा, कुठल्या जर्नलमध्ये? उत्तर आलं तर उघडून वाचा. नाही आलं, तर तो मेसेज तिथेच थांबवा.